करकपातीचा कौल आणि शाळेचा जमाखर्च



कर कोणालाहि गोड वाटत नाहीं. राजाचें राज्य असो वा लोकांचें, करवसुलीचा कागद दारांत आला म्हणजे घरधन्याच्या कपाळाला आठी पडावयाचीच. तेव्हां, "तुमची घरपट्टी निम्म्याहून कमी करावी काय?" असा प्रश्न कोणीं मतपत्रिकेवर छापून मतदारांपुढें ठेवला, तर उत्तर काय येईल हें सांगावयास ज्योतिष्याची गरज नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत १९७८ सालीं हा प्रश्न खरोखरच विचारला गेला. अपेक्षित उत्तर मिळालें. आणि त्या उत्तराचे परिणाम तेथील नगरपालिका, ग्रंथालयें व विशेषेंकरून शाळा आजतागायत अनुभवीत आहेत. त्या परिणामांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. खडू-फळ्यांत आयुष्य गेलेला मॅट्रिक शाळामास्तर आहें. परंतु हा विषय मुळांत जमाखर्चाचा आहे, आणि जमाखर्च शिकविण्यांत माझीं पुष्कळ वर्षें गेलीं आहेत.

प्रथम तेथील पद्धत समजून घेऊं. आपल्या राज्यघटनेप्रमाणें कायदे करण्याचें काम लोकप्रतिनिधींच्या सभा करतात. कॅलिफोर्नियांत मात्र १९११ सालापासून एक निराळी वाट आहे. ठराविक संख्येनें मतदारांच्या सह्या गोळा केल्या, तर कोणाहि नागरिकास कायद्याचा, इतकेंच नव्हे तर राज्यघटनेंतील दुरुस्तीचा, प्रस्ताव थेट मतदानास ठेवतां येतो. बहुमत मिळालें कीं तो कायदा झाला. विधिमंडळाच्या संमतीची जरूरी नाहीं. लोकसत्तेचा हा मोठाच अधिकार आहे. पण मोठ्या अधिकाराबरोबर हिशेबाची जबाबदारीहि मोठी येते, आणि आजची कथा त्या हिशेबाचीच आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, अमेरिकेंतील सार्वजनिक शाळा पिढ्यान् पिढ्या मुख्यतः घरपट्टीवर, म्हणजे जमीन व इमारती यांवरील करावर, चालत आल्या. प्रत्येक शाळा-विभागाचें निवडलेलें मंडळ असे. तें शाळेचा खर्च ठरवी आणि त्या मानानें कर बसवी. शाळेचें छप्पर गळूं लागलें तर गांवकरी सभेंत जाऊन मंडळाला जाब विचारीत, आणि कर वाढला तरी तो कशासाठीं वाढला हें त्यांना डोळ्यांनीं दिसे.

या व्यवस्थेंत एक मोठा अन्यायहि होता. बेव्हर्ली हिल्स हा धनिकांचा गांव आणि बाल्डविन पार्क हा श्रमजीवी लोकांचा गांव, असे लॉस एंजेलिस परिसरांतील दोन शाळा-विभाग घ्या. १९६८-६९ सालीं पहिल्यांत दर मुलामागें ५०,८८५ डॉलर किंमतीची करपात्र मालमत्ता होती, तर दुसऱ्यांत अवघी ३,७०६ डॉलरची. परिणाम असा कीं, बाल्डविन पार्कच्या लोकांनीं शंभर डॉलरमागें ५.४८ डॉलर दरानें कर भरूनहि त्यांच्या मुलाच्या वांट्याला सुमारे ५७७ डॉलर येत. बेव्हर्ली हिल्सचे लोक २.३८ डॉलर दरानें कर भरीत आणि तरी त्यांच्या मुलावर सुमारे १,२३२ डॉलर खर्च होत. गरिबानें दुप्पट झीज सोसावी आणि निम्मी विद्या मिळवावी असा हा न्याय! सेरॅनो नांवाच्या एका पालकानें व इतरांनीं या व्यवस्थेविरुद्ध दावा लावला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७१ सालीं, व पुन्हां १९७६ सालीं, ही व्यवस्था समतेच्या तत्त्वास सोडून असल्याचा निकाल दिला. विधिमंडळानें मग प्रत्येक विभागाच्या शालेय उत्पन्नावर मर्यादा घालून गरीब विभागांस अधिक मदत देण्यास आरंभ केला.

इकडे घरमालकांचा संताप वाढत चालला होता, आणि तो खोटा नव्हता हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पूर्वीं करनिर्धारण करणारे अधिकारी रहिवासी घरांची किंमत मुद्दाम कमी धरीत. पुढें सॅन फ्रान्सिस्कोंत लांचलुचपतीचें प्रकरण उघडकीस आलें, तेव्हां १९६६ च्या कायद्यानें सर्व मालमत्तेचें निर्धारण बाजारभावाच्या ठराविक प्रमाणांत करावें असें ठरलें. सुधारणा योग्यच होती; पण तिच्यामुळें सामान्य घरमालकाचें झांकलेलें संरक्षण गेलें. त्यांत १९७० नंतर घरांच्या किंमती झपाट्यानें वाढल्या. घराची किंमत कागदावर दुप्पट झाली म्हणून निवृत्त माणसाच्या हातीं दुप्पट पैसा येत नाहीं; कराचा आंकडा मात्र दुप्पट होऊन येतो. ज्या घरांत संसार झाला तें घर करापायीं विकावें लागणार या भीतीनें पुष्कळ वृद्धांची झोंप उडाली. त्याच वेळीं राज्याच्या तिजोरींत अब्जावधि डॉलरची शिल्लक सांचत होती आणि विधिमंडळ घरपट्टीचा उपाय करण्यांत वेळ दवडीत होतें. मग लोकांनीं आपला उपाय आपणच शोधला, यांत नवल तें काय?

हॉवर्ड जार्व्हिस व पॉल गॅन या दोघांनीं पुढाकार घेऊन बारा लक्षांहून अधिक सह्या जमविल्या, आणि तेरा क्रमांकाचा प्रस्ताव ६ जून १९७८ रोजीं मतदानास आला. त्यांतील मुख्य कलमें चार होतीं. पहिलें, घरपट्टी मालमत्तेच्या निर्धारित किंमतीच्या शेंकडा १ हून अधिक असूं नये. दुसरें, ती किंमत १९७५-७६ सालच्या पातळीवर मागें नेऊन पुढें दरसाल फार तर शेंकडा २ वाढवावी. तिसरें, मालमत्ता विकली गेली किंवा नवें बांधकाम झालें तरच नव्यानें बाजारभाव धरावा. चौथें, पुढें राज्यानें कर वाढवावयाचे तर विधिमंडळाच्या दोन-तृतीयांश सभासदांची संमति हवी, आणि गांवानें विशिष्ट कामासाठीं नवा कर बसवावयाचा तर दोन-तृतीयांश मतदारांची. शंभरांत पासष्ट मतें पडलीं तरी गांवचा प्रस्ताव नापास! आमच्या शाळेंत पासष्ट गुण मिळविणारा विद्यार्थी पहिल्या वर्गांत गणला जाई. गंमत अशी कीं, या तेराव्या प्रस्तावालाच सुमारे पासष्ट टक्के मतें पडलीं होतीं. त्यानें दुसऱ्यांसाठीं लावलेल्या कसोटीला तो स्वतः उतरला नसता.

निकाल लागतांच घरपट्टीचें उत्पन्न एका वर्षांत निम्म्याहून अधिक घटलें. तूट सहा ते सात अब्ज डॉलरच्या घरांत होती. आतां मतपत्रिका आठवा. तींत जमेची बाजू कमी करावयाची काय, हें विचारलें होतें. खर्चाची कोणती बाब कमी करावी, शिक्षक कीं अग्निशामक, ग्रंथालय कीं रस्ता, हें विचारलेंच नव्हतें. विद्यार्थ्यानें वजाबाकी करून उत्तराची जागा कोरी सोडावी, तसें हें गणित अर्धें होतें. उरलेलें अर्धें दुसऱ्या कोणास तरी सोडवावें लागणार होतें.

तें कोणीं सोडविलें? प्रथम राज्य सरकारनें. शिल्लक हाताशीं होती म्हणून तिच्यांतून शाळांना व नगरांना मदत दिली गेली, आणि पुष्कळांना वाटलें कीं संकट आलें तसें गेलें. तरीहि १९७८ च्या उन्हाळ्यांतील शाळेचे वर्ग बहुतेक ठिकाणीं बंद झाले आणि ग्रंथालयांचे तास कमी झाले. शाळेच्या अंदाजपत्रकाचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचें सांगावयास नको. त्यांत बहुतांश खर्च पगाराचा असतो. दिवे कमी लावून आणि कागद वांचवून कितीशी बचत होणार? दांत कोरून पोट भरत नाहीं. मोठी कपात करावयाची झाली कीं ती शेवटीं माणसांवर येते: ग्रंथपाल जातो, परिचारिका जाते, संगीताचा शिक्षक जातो, आणि वर्गांतील बांकांची संख्या वाढते. एके काळीं दर मुलामागें होणाऱ्या खर्चांत देशाच्या सरासरीच्या वर असलेलें कॅलिफोर्निया पुढील काळांत सरासरीच्या खालीं गेलें, आणि तेथील वर्ग देशांतील सर्वांत गर्दीच्या वर्गांत मोडूं लागले.

या घसरणीचें सारें खापर एका मतदानावर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. मुलांची संख्या वाढली, मंदी आली, न्यायालयाच्या निकालानेंहि पैशाची वाटणी बदलली. विल्यम फिशेल या अर्थशास्त्रज्ञानें तर असें प्रतिपादिलें कीं, सेरॅनोच्या निकालानंतर आपला कर आपल्याच गांवच्या शाळेस उपयोगी पडत नाहीं असें दिसल्यावर लोकांचें घरपट्टीवरील प्रेम आटलें, आणि त्यांतूनच तेराव्या प्रस्तावाचें यश आलें. हें मत सर्वांना मान्य नाहीं. पण त्यांत एक मर्म आहे. कर व शाळा यांमधील नातें दिसेनासें झालें कीं कर हा नुसता भुर्दंड वाटूं लागतो.

माझ्या मतें या प्रकरणाचा सर्वांत खोल परिणाम डॉलरांच्या आंकड्यांत नसून दुसरीकडे आहे. पैशाबरोबर सत्ताहि गांवाबाहेर गेली. १९७९ च्या कायद्यानें घरपट्टीची वाटणी कशी करावयाची हें राज्य ठरवूं लागलें, आणि शाळेचा मुख्य आधार राज्याचा खजिना झाला. ज्याच्या हातीं ससा तो पारधी! सरकारचा हात आंखडावा म्हणून लोकांनीं मत दिलें, आणि झालें असें कीं गांवचा हात आंखडला, राजधानीचा लांब झाला. शाळा-मंडळ निवडून येई, सभा भरवी. पण उत्पन्न वाढविण्याची किल्ली त्याच्यापाशीं उरली नाहीं.

राज्याचा खजिना हा कांहीं अक्षय्य नव्हे. घरपट्टी मंद पण स्थिर असते. आयकर तेजीत फुगतो आणि मंदींत आटतो. म्हणून मंदी आली कीं त्याच वर्षीं शाळांवर कुऱ्हाड येऊं लागली. १९८८ सालीं मतदारांनीं दुसरा एक प्रस्ताव मंजूर करून राज्याच्या उत्पन्नांतील किमान वांटा शाळांसाठीं राखून ठेवला. तो वांटा देणें १९९२ च्या सुमारास जड जाऊं लागतांच राज्यानें काय केलें? नगरांच्या व जिल्ह्यांच्या घरपट्टींतील हिस्सा शाळांकडे वळविला, आणि आपला भार तेवढा हलका केला. शाळा वांचवावयाची तर गांवच्या बागेचा व ग्रंथालयाचा पैसा घ्यावा, अशी ही भावाभावांतील ओढाताण. ती थांबविण्यासाठीं २००४ सालीं पुन्हां एक प्रस्ताव मतदारांपुढें आणावा लागला. एका गांठीसाठीं दुसरी, दुसरीसाठीं तिसरी, असें करतां करतां अंदाजपत्रकाचा असा गुंता झाला कीं, सामान्य नागरिकास आपल्या शाळेचा पैसा कोठून येतो हें सांगणें कठीण झालें.

नगरांनींहि आपापल्या वाटा शोधल्या. घरांपासून कर थोडा व रस्ते-पाण्याचा खर्च मोठा, उलट दुकानांपासून विक्रीकराचा हिस्सा मिळतो. तेव्हां जमिनीवर घरांपेक्षां मोठीं दुकानें उभीं रहावींत याकडे त्यांचा कल झाला. नव्या घरांवर नाना प्रकारचीं शुल्कें बसलीं, आणि तीं अखेर घर घेणाऱ्याच्याच माथीं आलीं. शाळांना मदत म्हणून १९८४ सालीं राज्याची सोडतहि मंजूर झाली. पण तिचा वांटा शालेय उत्पन्नाच्या एखाद-दुसऱ्या टक्क्याइतकाच राहिला.

आतां शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधील न्याय पाहूं. समजा, एकानें १९७५ सालीं ५०,००० डॉलरांस घर घेतलें. दरसाल दोन टक्क्यांच्या चक्रवाढीनें पन्नास वर्षांत त्याची निर्धारित किंमत सुमारे १,३४,६०० डॉलर होते, आणि एक टक्क्यानें कर सुमारे १,३४६ डॉलर. शेजारचें तसेंच घर नव्या माणसानें आज दहा लाख डॉलरांस घेतलें, तर त्याचा कर दहा हजार. रस्ता एक, शाळा एक, पोलीस एक. कर मात्र सातपटीहून अधिक! हें केवळ माझें उदाहरण झालें. पण नॉर्डलिंगर नांवाच्या एका बाईंनीं १९८८ सालीं १,७०,००० डॉलरांस लॉस एंजेलिसमध्यें घर घेतलें, तेव्हां तशाच घरांत पूर्वींपासून राहणाऱ्या कांहीं शेजाऱ्यांच्या सुमारे पांचपट कर त्यांना आला. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९९२ सालीं न्यायालयानें आठ विरुद्ध एक अशा मतांनीं ही पद्धत घटनेच्या विरुद्ध नाहीं असें ठरविलें. सांताक्लाराच्या खोऱ्यांत नोकरीनिमित्त गेलेलीं आपलीं अनेक मराठी कुटुंबें अशा नव्या खरेदीदारांतच मोडतात. आपण व जुना शेजारी यांच्या करांत एवढें अंतर कां, या त्यांच्या प्रश्नाचें उत्तर १९७८ च्या त्या मतपत्रिकेंत आहे.

शिवाय हा लाभ केवळ वृद्ध घरमालकांना मिळाला असेंहि नाहीं. कारखाने, कचेऱ्या, दुकानांच्या इमारती यांनाहि तेंच संरक्षण मिळालें, आणि त्यांची मालकी घरांच्या मानानें क्वचितच बदलते. व्यापारी मालमत्तेपुरता बाजारभाव धरावा असा प्रस्ताव २०२० सालीं आला, तोहि सुमारे बावन्न टक्के विरोधी मतांनीं फेटाळला गेला. दिलेली सवलत परत घेणें किती कठीण, याचें हें उदाहरण.

आणि बेव्हर्ली हिल्स व बाल्डविन पार्क यांमधील दरी? ती राज्याच्या पैशानें पुष्कळ बुजली, हें श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु सधन विभागांतील पालकांनीं शाळेसाठीं देणगी-मंडळें स्थापन केलीं. जेथें दोन-तृतीयांश मतें जमतील तेथें जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर ठोक कर बसविला. ज्या गांवांत देणगी देणारा हातच रिकामा, तेथील शाळेनें संगीताचा शिक्षक आणावा कोठून? पुढल्या दारानें घालविलेली विषमता अशी मागल्या दारानें थोडी आंत आली.

इतर राज्यांनीं हाच प्रयोग केला, त्यांतूनहि शिकण्यासारखें आहे. मॅसॅच्युसेट्समध्यें १९८० सालीं मतदारांनीं गांवच्या एकूण घरपट्टीवर अडीच टक्क्यांची मर्यादा घातली. आरंभीं तेथेंहि कपात झाली आणि शाळा-समित्यांची आर्थिक स्वायत्तता गेली. पण त्या कायद्यांत एक दार उघडें ठेवलें आहे. गांवाला अधिक पैसा हवा असेल तर साध्या बहुमतानें ती मर्यादा ओलांडतां येते. त्यामुळें "शाळेंत एवढे शिक्षक ठेवावयाचे, तर एवढा कर, बोला, मान्य आहे काय?" असा पुरा प्रश्न गांवकऱ्यांपुढें येतो. कोठें होकार मिळतो, कोठें नकार. पण जमा आणि खर्च एकाच पानावर असतात.

कोलोरॅडोनें उलट टोक गांठलें. १९९२ च्या दुरुस्तीनें सरकारी उत्पन्नाची वाढ महागाई व लोकसंख्या यांच्या वाढीपुरती बांधून टाकली. अधिक आलें तें परत करावयाचें, आणि करवाढीस मतदारांची संमति घ्यावयाची. मंदींत उत्पन्न घसरलें कीं पुढील मर्यादा त्या घसरलेल्या आंकड्यावरून मोजली जाई. विहीर उन्हाळ्यांत आटली म्हणून पावसाळ्यांतहि तेवढेंच पाणी घ्यावयाचें, असा तो नियम झाला. शेवटीं २००५ सालीं तेथील मतदारांनींच ही बंधनें पांच वर्षें स्थगित ठेवलीं.

मग घरपट्टीनें पिचलेल्या वृद्धाला वाऱ्यावर सोडावें काय? मुळींच नाहीं. विस्कॉन्सिन राज्यानें १९६४ सालींच, म्हणजे तेराव्या प्रस्तावापूर्वीं चौदा वर्षें, एक उपाय काढला होता. वृद्धाची घरपट्टी त्याच्या उत्पन्नाच्या मानानें जड होत असेल, तर तिचा कांहीं भाग राज्यानें त्याला परत द्यावा. ज्याला दुखतें त्यालाच औषध. सबंध गांवाला लंघन घालण्याचें कारण नाहीं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें असा उपाय वेळेवर व पुरेसा केला असता, तर लोकांच्या हातीं कुऱ्हाड आलीच नसती. म्हणून या कथेंतील पहिला बोध राज्यकर्त्यांना आहे. रास्त तक्रार वेळेवर ऐकली नाहीं, तर तिचें उत्तर पुढें अवास्तव किंमतीस घ्यावें लागतें.

दुसरा बोध मतदारांना आहे. कर कमी करण्याचा प्रश्न समोर आला असतां तीन उपप्रश्न विचारावे. कमी झालेला पैसा कोणत्या कामांतून जाणार? ती तूट कोण भरून काढणार, आणि त्याच्या मोबदल्यांत आपल्या हातचा कोणता अधिकार त्याच्या हातीं जाणार? आणि चूक झाली असें आढळलें तर ती दुरुस्त करण्याचा मार्ग साध्या बहुमतास खुला राहणार काय? या तिन्ही प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें मिळत असतील, तर कर अवश्य कमी करावा. उधळ्या कारभाराला लगाम घालणें हाहि नागरिकाचा धर्मच आहे.

परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९७८ सालीं मतदान करणाऱ्यांत वृद्ध होते, तरुण होते, घरमालक होते, भाडेकरू होते. ज्या मुलांचे वर्ग त्या उन्हाळ्यांत बंद झाले, त्यांना मात्र मत नव्हतें. शाळेच्या जमाखर्चांत ज्याचें नांव सर्वांत मोठ्या अक्षरांत असावयास हवें, तो मतपेटीपाशीं कधींच उभा नसतो. त्याच्या वतीनें विचार करण्याचें काम मोठ्या माणसांनाच केलें पाहिजे.